दोष रक्ताचा, हिशेब समाजाचा

मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की आपल्याकडे बोट प्रथम आईच्या माहेराकडे वळते. जनुकशास्त्राने या आरोपाला शास्त्राधार दिला, अशी समजूत आता सुशिक्षितांतही दृढ होत आहे. ती निराधार आहे.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाशी 'एआरआयडी५बी' व 'आयकेझेडएफ१' या जनुकांतील काही भेद निगडित असल्याचे २००९ साली दिसून आले. असा भेद धोका सुमारे दीड-पावणेदोन पट करतो. 'पट' हा शब्द माणसाला घाबरवितो. म्हणून मूळ आकडा पाहावा. हा रोग बालपणात साधारणतः २,००० मुलांपैकी एकाला होतो. म्हणजे ढोबळ हिशेबाने १०,००० मुलांत ५ ऐवजी ८. उरलेली ९,९९२ मुले तोच भेद बाळगून या रोगापासून मुक्त राहतात! शिवाय हे भेद इतके सर्रास आढळतात की त्यांना एका घराण्याचा कलंक म्हणणे हास्यास्पद होय. मोजक्या कुटुंबांत एखाद्या दुर्मीळ दोषामुळे धोका खरोखरच मोठा असतो. पण तो अपवाद.

जनुकभेदाचे ज्ञान खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते औषधाच्या मात्रेत. उपचारात मर्कॅप्टोप्युरीन ही गोळी दीर्घकाळ द्यावी लागते. 'एनयूडीटी१५' या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलाला नेहमीच्या मात्रेचा जेमतेम दहावा हिस्सा सोसतो. पूर्ण मात्रेने त्याच्या पांढऱ्या पेशी कोसळतात व साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. हा भेद आशियात बराच आढळतो, युरोपीय वंशाच्या लोकांत विरळ. त्याचा औषधाशी असलेला संबंध २०१४ साली कोरियातील रुग्णांमध्ये उघड झाला, आणि गोळी तर १९५०च्या दशकापासून वापरात आहे. ज्यांचे रक्त संशोधकांच्या नमुन्यात नव्हते, त्यांच्या मुलांनी या विलंबाची किंमत मोजली.

श्रीमंत देशांत या रोगाची सुमारे ९० टक्के मुले वाचतात. भारतात हे प्रमाण कमी आहे. उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. गावाहून शहरात येऊन राहिलेल्या मजुराचा रोज तोवर बुडत राहतो आणि अनेकदा उपचार अर्ध्यावर सुटतो. म्हणून ही जनुकचाचणी प्रत्येक सरकारी रुग्णालयात गोळी सुरू करण्यापूर्वी विनामूल्य झाली पाहिजे, आणि मुलाजवळ थांबणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी उपचाराच्या खर्चातच धरली गेली पाहिजे.