‘अँटिऑक्सिडंट’चे शास्त्र आणि त्याचा बाजार

शास्त्रातील एखादा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडून बाजारात आला, की त्याचा अर्थ विकणाऱ्याच्या सोयीप्रमाणे बदलू लागतो. ‘अँटिऑक्सिडंट’ हा असाच एक शब्द आहे. चहाच्या पुड्यावर, बिस्किटांच्या वेष्टनावर, चेहऱ्याला लावण्याच्या मलमावर आणि औषधविक्रेत्याच्या काचेच्या कपाटातील रंगीबेरंगी बाटल्यांवर तो आज सर्रास आढळतो. मराठीत त्याला ‘प्रतिऑक्सिडीकारक’ असा प्रतिशब्द आहे. पण तो जाहिरातदारांनी कधी जवळ केला नाही. ‘खवटपणा रोखणारे द्रव्य’ असे सरळ मराठीत सांगितले असते, तर मालाचा खप कितपत झाला असता याची शंकाच आहे.

वास्तविक शब्दाचा मूळ अर्थ याहून फारसा निराळा नाही. शेंगदाण्याचे तेल किंवा खोबरे उघडे राहिले, की हवेतील प्राणवायूमुळे ते खवट होते. ही क्रिया रोखण्यासाठी तेलात, आणि भेगा पडू नयेत म्हणून रबरात, काही द्रव्ये मिसळण्याची कारखान्यांतील पद्धत जुनी आहे. मानवी शरीराशी या रसायनशास्त्राचा संबंध जोडला गेला तो १९५० नंतर. अतिरिक्त प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा असावी, असे रिबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली सुचविले. शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करून पुढे वैद्यकाकडे वळलेल्या डेनम हार्मन यांनी १९५६ साली वार्धक्याचाच उलगडा या मार्गाने मांडला. ज्यातील एखाद्या इलेक्ट्रॉनला जोडीदार नाही असा अणू किंवा रेणू म्हणजे मुक्त मूलक. तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी तिसऱ्याकडे वळतो, आणि या ओढाताणीत पेशींचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांची हानी होत राहते. शरीराने स्वतःच्या संरक्षणाची सोय केलेली असते, हेही लवकरच दिसून आले. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली असे एक एंझाइम ओळखून काढले आणि त्याला ‘सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज’ असे नाव दिले.

येथपर्यंतचे शास्त्र भक्कम होते. पुढची पायरी मात्र तर्काची होती, आणि बाजाराला तीच भावली. मुक्त मूलके हानी करतात. भाज्या आणि फळे यांत त्यांना आवरणारी द्रव्ये असतात. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग व हृदयविकार कमी आढळतात. तेव्हा ती द्रव्ये वेगळी काढून गोळीत भरली, की गोळी घेणाराही निरोगी राहील! यातील पहिली तीन विधाने खरी आहेत. चौथे त्यांतून निघत नाही. दोनदा नोबेल पारितोषिक मिळविलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० साली ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केल्यावर या तर्काला वजन आले. याउलट रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली ‘नेचर’मध्ये बीटा कॅरोटिनविषयी लिहिताना, हा केवळ संबंध असू शकेल, कारण नव्हे, म्हणून प्रत्यक्ष चाचणी घेतली पाहिजे, असे बजावले होते.

ती चाचणी फिनलंडमध्ये झाली, आणि आरोग्यविषयक धोरणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तिचा तपशील पाहावा अशा योग्यतेची ती आहे. ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची त्यासाठी निवड झाली. बीटा कॅरोटिन कोणाला, ‘ई’ जीवनसत्त्व कोणाला, दोन्ही कोणाला आणि निव्वळ निरुपद्रवी गोळी कोणाला द्यावयाची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविले गेले. कोण काय घेत आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. पाच ते आठ वर्षे हा क्रम चालला. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा ज्यांनी बीटा कॅरोटिन घेतले त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रोगी, आणि ज्यांनी घेतले नाही त्यांच्यात ४०२, असे आढळले. म्हणजे गोळीने रोग १८ टक्क्यांनी वाढला होता. एकूण मृत्यूही वाढले होते.

हा योगायोग असेल, असे प्रथम अनेकांना वाटले. परंतु अमेरिकेत धूम्रपान करणारे व ते सोडलेले स्त्री-पुरुष आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ जणांवर बीटा कॅरोटिन आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. ती १९९६ च्या जानेवारीत, मुदतीच्या २१ महिने आधी, थांबवावी लागली. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळत होते. पुढे ३५,५३३ पुरुषांवरील दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग कमी होण्याऐवजी १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले. ७८ चाचण्या आणि त्यांतील सुमारे तीन लक्ष माणसे यांचा २०१२ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा या गोळ्यांनी आयुष्य वाढते याला आधार मिळाला नाही. उलट बीटा कॅरोटिन आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांनी मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे असे दिसले.

फिनलंडच्या त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. चाचणी सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटिन अधिक होते, त्यांच्यात पुढे कर्करोग कमी आढळला. एकच द्रव्य, तीच माणसे. पण आहारातून आलेल्या द्रव्याचा संबंध आरोग्याशी जुळला आणि गोळीतून आलेल्याचा रोगाशी! याचा उलगडा करावयाचा, तर प्रयोगशाळा सोडून समाजरचनेकडे पाहावे लागते. रोज फळे खाणारा मनुष्य केवळ फळेच खातो असे नाही. बहुधा त्याची मिळकत बरी असते, घर हवेशीर असते, कामाचे कष्ट बेताचे असतात आणि दुखणे आले तर डॉक्टरकडे जाण्याची ऐपत असते. ब्रिटनमधील वयस्क स्त्रियांच्या पाहणीवरून २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे प्रसिद्ध झाले ते या दृष्टीने बोलके आहे. ज्यांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व कमी, त्यांच्यापैकी अनेकजणी कष्टकरी कुटुंबांत वाढलेल्या आणि बालपणी घरात न्हाणीघरही नसलेल्या होत्या. रक्तातील जीवनसत्त्व हे आरोग्याचे कारण असण्यापेक्षा आर्थिक स्थितीची खूण म्हणूनच तेथे वावरत होते. खूण विकत घेऊन स्थिती बदलत नाही. ब्रिटनमध्येच २०,५३६ जणांना पाच वर्षे ‘क’, ‘ई’ आणि बीटा कॅरोटिन देऊन पाहण्यात आले. २००२ साली निष्पन्न झाले ते एवढेच, की अपाय नाही आणि उपयोगही नाही.

शरीरशास्त्राचीही बाजू आहे. मुक्त मूलके ही निव्वळ शत्रुपक्षातील नव्हेत. जंतूंना मारण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी स्वतःच ती निर्माण करतात, हे १९७३ साली दिसून आले. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा रेणू स्वतः एक मुक्त मूलक आहे. त्याच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यायामाने स्नायूंत अशी द्रव्ये वाढतात आणि त्या इशाऱ्यावरच शरीर आपली तयारी वाढविते. जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायामाबरोबर ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देण्यात आल्या, तेव्हा व्यायामाने इन्शुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा नाहीशी झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसांत गाठी असलेल्या उंदरांत ‘ई’ जीवनसत्त्वाने त्या गाठी जोमाने वाढल्या, असे २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. गोळी चांगल्या पेशीचे रक्षण करील आणि वाईट पेशीला वाऱ्यावर सोडील, असा विवेक रसायनाला नसतो.

यावरून जीवनसत्त्वे निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढू नये. चीनमधील लिनशियान परगण्यात, जेथे आहारच निकृष्ट होता, तेथे बीटा कॅरोटिन, ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्याने मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ साली आढळले. अमेरिकेतील चाचणीत अपायकारक ठरलेल्या चमूतील ‘अ’ जीवनसत्त्व आपल्याकडे बालकांची दृष्टी वाचविण्यासाठी १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून दिले जात आहे, आणि ते योग्यच आहे. वृद्धांच्या दृष्टिपटलाच्या एका विकारात जस्त आणि प्रतिऑक्सिडीकारके यांच्या मिश्रणाने रोगाची वाढ मंदावते, हे २००१ साली सिद्ध झाले. अर्थात पुढे त्या मिश्रणातूनही बीटा कॅरोटिन काढून टाकणेच श्रेयस्कर ठरले. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. भुकेल्याच्या पहिल्या भाकरीची उपयोगिता मोठी, पाचवीची नगण्य आणि दहावीची उणे. जीवनसत्त्वांच्या बाबतीत हा नियम शरीरानेही पाळलेला दिसतो.

बाजार मात्र नेमका याच्या उलट दिशेने चालतो. ज्याच्या शरीरात उणीव आहे त्याच्या खिशात पैसा नाही, आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या शरीरात उणीव नाही. माल अर्थातच दुसऱ्याला विकला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषासाठी ‘क’ जीवनसत्त्वाची दैनिक गरज ८० मिलिग्रॅम धरली आहे. शंभर ग्रॅम पेरूतून सुमारे दोनशे मिलिग्रॅम मिळते. पाण्यात टाकताच फसफसणारी गोळी मात्र हजार मिलिग्रॅमची असते. त्यातील मोठा भाग लघवीवाटे निघून जातो, आणि त्याबरोबर ग्राहकाचा पैसाही.

भारतात याविषयी कायदा नाही असे नाही. कर्करोग, मधुमेह इत्यादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर तो औषधी वापरासाठी नसल्याचे छापावे लागते, आणि जाहिरातींतील दाव्यांविषयीचे स्वतंत्र नियमही २०१८ साली झाले. परंतु ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ या एका शब्दात रोगाचे नाव नाही, बरे करण्याचे आश्वासन नाही. नियमाच्या भाषेत ती केवळ मालाची माहिती, ग्राहकाच्या कानाला मात्र ते आरोग्याचे अभिवचन! अमेरिकेच्या कृषिखात्याने अन्नपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचे कोष्टक तयार केले होते. परीक्षानळीतील हे आकडे मानवी आरोग्याला लागू पडत नाहीत आणि कंपन्या त्यांचा जाहिरातीसाठी दुरुपयोग करीत आहेत, असे सांगून त्या खात्याने ते २०१२ साली मागे घेतले. आपल्याकडील नियामकांनीही हा शब्द आरोग्यविषयक दावाच मानावा आणि मानवी चाचणीचा पुरावा सादर केल्यावाचून तो छापू देऊ नये. बीटा कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेच्या बाटलीवर धूम्रपान करणाऱ्यांसाठी ठळक इशारा असणे तर अगदीच किमान आहे. अशा गोळ्यांचे उत्पादन त्यामुळे घटेल, अशी तक्रार होईल. होऊ द्यावी.

मुक्त मूलकांचा खराखुरा भार कोठून येतो, हा प्रश्न या सर्व गदारोळात मागे पडतो. तंबाखूच्या धुराच्या एकेका झुरक्यातून ती अब्जावधींनी फुप्फुसांत जातात. २०१६-१७ च्या पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. ओल्या लाकडांची चूल फुंकणारी स्त्री, भट्टीपुढील कामगार, वाहनांच्या धुरात दिवसभर उभा राहणारा हातगाडीवाला यांना त्या भारापासून वाचविणारी गोळी अस्तित्वात नाही. फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्यांना ती देऊन पाहिली गेलीच आहे. त्यांच्यासाठी उपाय आहेत ते तंबाखूवरील कर, परवडणाऱ्या दरातील गॅसचे सिलिंडर आणि कारखान्यातील वायुवीजन. यांपैकी कशाचीही जाहिरात करून कोणाला नफा होत नाही.

आणि भाज्या-फळांचे काय? प्रौढाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोजंदारीवरील पाच माणसांच्या कुटुंबाने तिचा हिशेब मांडावयाचा म्हटले, तरी दिवसाला दोन किलोंची खरेदी होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोमॅटोचा भाव किलोला दोन-तीन रुपयांपर्यंत घसरला, म्हणून नाशिक भागातील शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. २०२३ च्या जुलैत शहरांतून तोच टोमॅटो शंभर रुपयांवर गेला. या चढउतारांच्या मधल्या काळात टोमॅटोतील लायकोपीन हे लाल द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून औषधांच्या दुकानांत विकले जातच होते, आणि त्याच्या किमतीत मात्र अशी घसरण कधी झाली नाही. शीतगृहे, प्रक्रिया-उद्योग आणि शालेय पोषण आहारासाठी थेट शेतकऱ्याकडून भाजीची खरेदी यांवर राज्याने किती खर्च केला, हा आकडा अर्थसंकल्पावरील चर्चेत विधिमंडळाच्या सभासदांनी मागावयास हवा.