बॉटलनेकचा बागुलबुवा

गेमिंग कॉम्प्युटर जुळवणाऱ्या पोरांना सध्या एकच भीती घातली जाते: ‘तुझा प्रोसेसर कार्डाला बॉटलनेक करतोय.’ माझ्या भाच्याकडे रायझन 5 3600 आहे. त्यावर आरटीएक्स 3060 बसवायचं म्हटल्यावर दुकानदाराने प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळंच नवं घ्यायला सांगितलं. का, तर कुठल्याशा वेबसाइटवर बॉटलनेकचा टक्का जास्त दिसतो!

हा टक्का कुठल्या गेमचा? कुठल्या रिझोल्युशनचा? प्रोसेसर फ्रेमची तयारी करतो, कार्ड ती रंगवतं; दोघांपैकी एकाला दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये सेटिंग्ज उतरवल्या की बहुधा कार्ड थांबतं, सायबरपंक 2077 मध्ये रे ट्रेसिंग लावलं की प्रोसेसर. कॉम्प्युटर तोच. 1080पी वरून 4के वर गेलात की पिक्सेल चौपट, आणि ते ओझं जवळजवळ सगळं कार्डावर. त्यात भाच्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा. सेकंदाला 100 फ्रेम तयार झाल्या तरी तो दाखवणार कुठे?

बॉटलनेक नसतोच असं मी म्हणत नाही. चार कोरच्या जुन्या प्रोसेसरवर महागडं कार्ड चढवलं तर सरासरी फ्रेम बऱ्या दिसूनही गेम अडखळतो. तिथे जरूर बदला. पण आधी फ्रेमची मर्यादा काढून, तुमचाच गेम चालू ठेवून कार्डाचा वापर बघा. तो 95 टक्क्यांच्या वर राहत असेल तर नव्या प्रोसेसरने फ्रेम फारशा वाढणार नाहीत. खाली असेल, पण गेम सुरळीत चालत असेल, तरी तक्रार कसली?

भाच्याने नुसतं कार्ड घेतलं. उरलेल्या पैशांत त्याची या सहामाहीची कॉलेजची फी भरली गेली.