लाकूड खाणाऱ्याचीही बाजू

आमच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगेकाठचे वडसा त्यातलेच. मुलखाला नाव झाडांवरून पडले, पण झाडाच्या पोटात राहणाऱ्यांची आपण कधी विचारपूस केली नाही. त्यांतलाच एक, लांब मिशांचा भुंगेरा. पावसाळा लागला की रात्री दिव्यावर येऊन आदळतो. मिशा बहुधा अंगाहून लांब, नराच्या तर अधिकच. बोटांत धरला की मान घासून ‘चर्रचर्र’ असा निषेध नोंदवतो.

जगात याच्या ३० हजारांहून अधिक जाती आहेत. मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी लाकूड पोखरत वर्ष-दोन वर्षे अंधारात काढते. सुक्या लाकडात कधी त्याहूनही जास्त. पंख फुटल्यावरचे आयुष्य मात्र काही आठवड्यांचे.

त्याच्यावरचे आरोप खोटे नाहीत. आंब्याचा खोडकिडा, म्हणजे कोकणातला भिरूड, याच कुळातला. बुंध्याशी भुसा दिसतो तेव्हा आत बरेच नुकसान झालेले असते. १९९७-९८ साली शेजारच्या मध्य प्रदेशात, मंडल्याच्या बाजूला, सालवृक्ष पोखरणाऱ्या जातीने थैमान घातले. लक्षावधी झाडांना कीड लागली. वनखात्याने ताजे ओंडके सापळा म्हणून टाकले, आणि रसाच्या वासाने जमलेले भुंगेरे आदिवासींनी मजुरीवर हातांनी वेचले.

पण म्हणून साऱ्या कुळालाच फाशी द्यायची काय? यातल्या बहुतेक जाती मेलेल्या किंवा मरणाला टेकलेल्या लाकडावर जगतात. त्यांनी पाडलेल्या भोकांतून बुरशी आत शिरते, लाकूड कुजते, त्याची माती होते. सुतारपक्षी अळ्यांवर पोसतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पोपट-पिंगळे संसार मांडतात.

बँकेत आम्ही वसूल न होणाऱ्या कर्जाला बुडीत म्हणायचो. वाळलेल्या झाडाकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. जंगलाच्या वहीत मात्र ते ठेवीच्या बाजूला लिहिलेले असते.

तोडलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी रानातून हलवावे, डेपोतल्या मालाची राखण करावी, हे योग्यच. गरिबाच्या चुलीला सरपण लागते, त्यालाही कोणी नाही म्हणू नये. परंतु साफसफाईच्या नावाखाली शेवटचे सुके खोडही उचलायचे, हे बरे नव्हे. प्रत्येक कूपात थोडी वाळलेली झाडे उभी राहू द्यावीत, एवढेच मागणे आहे. घरातल्या चौकटीवरून या भुंगेऱ्याशी भांडायचा हक्क आपल्याला आहे. रानातले घर मात्र त्याचे आहे.