ब्राह्मी : परंपरा आणि पडताळणी

परीक्षा जवळ आल्या की नागपुरातील कित्येक पालक वसतिगृहात मुलांसाठी ब्राह्मीची बाटली घेऊन येतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. तथापि, केवळ परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता.

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांपैकी काहींना तीन महिने ब्राह्मी, तर इतरांना गुणहीन गोळी दिली गेली. ब्राह्मी घेणाऱ्यांचे नव्याने शिकलेले विसरणे कमी झाले. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. त्यांत शाळकरी मूल एकही नव्हते. शिवाय नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पतींना आपल्याकडे ब्राह्मीच म्हणतात.

म्हणून पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पुरेशी झोप आणि नित्य उजळणी यांना बाटली हा पर्याय नव्हे.