पेग भरणाऱ्या हाताला शिकवा

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्याला बारमध्ये दारू मिळाली होती. महाराष्ट्रात बिअरसाठी २१, तर कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. म्हणजे कायदा होता, पण टेबलापर्यंत पोचला नाही. अपघातानंतर अटका झाल्या, बारवर कारवाई झाली. वेटरच्या शिकवणीचा विषय मात्र मागेच राहिला. ओळखपत्रावरची जन्मतारीख वाचणे हा त्यातला सोपा भाग. जीभ जड होते, आवाज चढतो, पाकिटातून नोट काढताना बोटं चाचपडतात, तेव्हा पुढचा पेग थांबवून पाणी आणि जेवण पुढे करणे, रिक्षा बोलावणे, हे सरावानेच येतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये या प्रशिक्षणाशिवाय गिऱ्हाइकाला दारू देताच येत नाही.

पिणाऱ्याने स्वतः भान ठेवावं, हा आक्षेप रास्त वाटतो. पण दारू आधी भानावरच घाला घालते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तुटपुंज्या पगारावर आणि टिपवर जगणारा पोरगा बड्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ कसं म्हणेल? एकटा नाहीच म्हणू शकणार. म्हणून प्रशिक्षण मालक आणि मॅनेजरलाही सक्तीचं हवं, परवान्याचं नूतनीकरण त्याला जोडलेलं हवं आणि नकार देणाऱ्या वेटरची नोकरी किंवा त्या रात्रीची कमाई जाणार नाही, हे मालकाकडून लिहून घेतलेलं हवं.