कीबोर्डवरचा आकडा खरा की आपला कान?



स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेच्या कपाटातला कीबोर्ड बाहेर निघतो. धूळ पुसली जाते, अडॅप्टर शोधला जातो आणि लगेच गाणी बसवायला सुरुवात होते. कोणतं गाणं, कोणता ताल, कोणता टोन, सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. एका टोनवरून दुसऱ्या टोनवर गेल्यावर आवाज किती वाढतो किंवा किती पडतो, हे कोणी बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की गाणं बसवण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे आणि ते कीबोर्ड वाजवणाऱ्यानेच करायला हवं.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही, चुकीतून आलेलं आहे. एका वर्षी चौथीतली एक मुलगी एकटी गाणार होती. अंतऱ्याला मी बासरीचा टोन लावला होता, तिचा आवाज छान ऐकू येत होता. ध्रुवपदाला मी ब्रासचं बटण दाबलं आणि तिचा आवाज गायबच झाला! ती माईकच्या जवळ सरकली, जोर लावू लागली, सूर वर चढला आणि शेवटच्या ओळीला ती थांबलीच. खाली आल्यावर तिने मला विचारलं, "सर, मी बेसूर गायले का?" चूक तिची नव्हती, माझी होती. पण हे तिला पटवायला मला बरेच दिवस लागले.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही टोनचा व्हॉल्यूम सारखा का नव्हता ठेवला? तीच तर गंमत आहे. दोन्हीचा आकडा सारखाच होता!

बहुतेक कीबोर्डवर प्रत्येक टोनचा व्हॉल्यूम ० ते १२७ या आकड्यांत असतो. १९८३ मध्ये आलेल्या 'मिडी' या पद्धतीतून हे आकडे रूढ झाले. पण हा आकडा म्हणजे कानाला जाणवणारा आवाज नव्हे. नळ किती उघडला ते आकडा सांगतो, पाणी किती जोरात येतंय ते नाही. सारख्या आकड्यावर दोन टोन वेगळे का ऐकू येतात, त्याची कारणं बघा.

पहिलं कारण कानाचं. आपला कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. ब्राससारख्या झणझणीत टोनमध्ये या पट्ट्यातला भाग भरपूर असतो, म्हणून तो टोचतो. बासरीचा टोन गोल आणि साधा असतो, म्हणून तो मागे राहतो.

दुसरं कारण टोनच्या स्वभावाचं. पियानोची पट्टी दाबून धरली तरी आवाज हळूहळू विरतो. ऑर्गन आणि स्ट्रिंग्ज पट्टी सोडेपर्यंत तसेच भरून राहतात. सुरुवातीला दोन्ही सारखे वाटले तरी चार मात्रांनंतर स्ट्रिंग्ज सगळं व्यापून टाकतात.

तिसरं कारण बोटांचं. पियानोच्या टोनला बोटाचा जोर कळतो, हळू दाबलं तर हळू वाजतो. ऑर्गनच्या टोनला बहुधा तो कळत नाही, कसंही दाबा, तेवढाच आवाज. त्यातून डाव्या हाताने तीन-चार स्वरांचा कॉर्ड धरला आणि उजव्या हाताने एकच स्वर वाजवला, तर डावा हात गाण्यावर चढून बसतो.

काही जण म्हणतात, "एवढं कशाला? साऊंडवाला आहे ना, तो बघून घेईल." नाही बघू शकत! कीबोर्डमधून त्याच्या मिक्सरकडे एक किंवा दोन वायरी जातात. बासरी, ब्रास, रिदम, बेस सगळं त्यातूनच एकत्र येतं. गाणं चालू असताना त्याने ब्रास कमी करायला हात खाली ओढला, तर पुढच्या ओळीची बासरीही बुडते. टोनांमधला तोल कीबोर्डवरच साधावा लागतो.

मग करायचं काय? मी आता असं करतो.

१) आधी गाणाऱ्याचा आवाज. सर्वांत हळू आवाजाच्या मुलाला माईकवर उभं करायचं. बाकी सगळं त्याच्या मापाने.

२) गाण्यात वापरायच्या टोनांपैकी सर्वांत नाजूक टोन आधी लावायचा, समजा १०० वर. बाकीचे टोन त्याच्या बरोबरीला येईपर्यंत खाली आणायचे. नाजूक टोन वर ढकलत बसायचं नाही. सगळंच वर नेलं की स्पीकर फाटल्यासारखा वाजतो.

३) प्रत्येक टोनवर तीच ओळ, त्याच लयीत, तेवढ्याच जोराने वाजवून बघायची. तपासताना गाणं बदललं तर तुलनाच होत नाही.

४) रिदम, बेस आणि डाव्या हाताचा टोन यांचे आकडे वेगळे असतात. तेही एकेक करून कमी करून बघायचे.

५) हे सगळं कार्यक्रमाच्याच स्पीकरवर करायचं, हेडफोनवर नाही. कीबोर्डच्या छोट्या स्पीकरमध्ये बेस पुरता ऐकूच येत नाही. मोठ्या स्पीकरवर तोच बेस मंडप हलवतो.

६) एका विद्यार्थ्याला शेवटच्या रांगेत बसवायचं. शब्द कळले तर त्याने हात वर करायचा. त्याचा निकाल अंतिम!

७) जमलेला तोल कीबोर्डच्या मेमरीत साठवायचा आणि आकडे कागदावर लिहून चिकटवायचे. बरेच कीबोर्ड बंद केले की लावलेलं सगळं विसरतात. मुख्य व्हॉल्यूमची मूठ तर बहुधा मेमरीत साठवलीच जात नाही, म्हणून तिच्यावर खूण करून ठेवायची.

याला अर्धा-पाऊण तास लागतो. वेळ नाही ही तक्रार मी पण करायचो. पण ज्या मुलीने महिनाभर गाणं घोकलं, तिच्यासाठी अर्धा तास जास्त आहे का, सांगा बरं.

आणि हे काम मुलांकडून करून घेतलं तर तो विज्ञानाचा तासच होतो. आकडे कागदाने झाका, दोन टोन वाजवा आणि "मोठा कोणता?" असं विचारा. मग कागद काढा. आकडा सारखाच निघाला की मुलं चक्रावतात आणि आयाम, वारंवारिता हे शब्द त्यांना आपोआप हवेसे वाटू लागतात.

"आवाज दणदणीत असला की कार्यक्रम रंगतो" असंही ऐकायला मिळतं. दणका डीजेकडेही मिळतो. पालक मात्र आपल्या लेकराचा आवाज ऐकायला आलेले असतात. त्यांनी घरी जाताना "कीबोर्ड जोरात होता" म्हणावं की "पोर छान गायली" म्हणावं, हे त्या छोट्या बटणांपाशी बसलेल्या माणसाच्या हातात आहे. ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा गायली. त्या वेळी ब्रास ६५ वर होता आणि शेवटच्या रांगेतला हात वर होता.