सामाईक श्रमाचा परवाना

रुग्णाचा केसपेपर, प्रयोगशाळेचा अहवाल, औषधांचा साठा यांची नोंद आता दवाखान्यांतून संगणकावर होऊ लागली आहे. ज्या प्रणालीत ही नोंद होते ती कोणाच्या हाती राहावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. अनेक देशांतील डॉक्टर व प्रोग्रामर मिळून जी प्रणाली घडवितात, तिच्या परवान्याची कलमे हीच तिच्या मालकीची घटना असते.

‘ओपनएमआरएस’चे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट व ‘पार्टनर्स इन हेल्थ’ यांच्या सहकार्यातून २००४ साली हे काम सुरू झाले. आफ्रिकेतील एचआयव्हीबाधितांच्या उपचारांची नोंद ठेवणे ही त्यामागील निकड होती. आज या प्रणालीला मोझिला परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे. मूळ फायलींत बदल करून त्या वाटणाऱ्याने ते बदल उघडे ठेवावेत. मात्र शेजारी जोडलेला स्वतंत्र भाग त्याला खाजगी ठेवता येतो, असा हा मध्यम मार्ग आहे.

त्याच्या एका बाजूला बीएसडी परवाना आहे. ऑस्लो विद्यापीठाची ‘डीएचआयएस-२’ ही प्रणाली त्याखाली येते. मूळ कर्त्याच्या हक्काची नोंद कायम ठेवली की कोणालाही ती घेता येते, बदलता येते आणि बदललेली आवृत्ती बंदिस्त करून विकताही येते. दुसऱ्या बाजूला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली मांडलेला जीपीएल आहे. सुधारलेली प्रणाली दुसऱ्याला देणाऱ्याने तिची संपूर्ण संहिता त्याच अटींवर दिली पाहिजे, हा त्याचा दंडक.

पण या दंडकातही एक पळवाट राहिली. कंपनीने प्रणाली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून रुग्णालयाला केवळ तिचा वापर विकला, तर प्रत वाटली असे होत नाही आणि संहिता देण्याचे बंधनही उरत नाही. २००७ च्या एजीपीएलने ही वाट बंद केली. सुधारित प्रणाली जाळ्यावरून वापरणाऱ्यालाही तिच्या संहितेचा हक्क मिळाला. छत्तीसगडमधील गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ रुग्णालयाच्या गरजांतून उभ्या राहिलेल्या ‘बह्मनी’ला आरंभी हाच परवाना होता; आणि तिचा पाया ओपनएमआरएसचा आहे.

कडक अटींमुळे कंपन्या दूर राहतात, हा आक्षेप खोटा नव्हे. सैल परवान्यामुळे प्रसार वेगाने होतो व अधिक हात कामाला लागतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एजीपीएल व्यापाराला मज्जाव करीत नाही. उभारणी, दुरुस्ती, प्रशिक्षण यांचे शुल्क घेता येते. समाईक गायरानाला मात्र कुंपण घालता येत नाही. जिल्हा रुग्णालयाने एका ठेकेदाराला सोडून दुसऱ्याकडे जायचे ठरविले, तर हाती संहिता असणे हीच त्याची खरी सौदाशक्ती होय.

म्हणून सार्वजनिक पैशातून व सामाईक श्रमातून उभ्या राहणाऱ्या प्रणालीचा गाभा एजीपीएलखाली असावा. इतर यंत्रणांशी जोडणी करणारे छोटे भाग सैल परवान्याखाली द्यावेत, म्हणजे कोणाचीही अडवणूक होणार नाही. हा निर्णय आरंभीच व्हावा. स्वत्वाधिकार शेकडो सहभागींत विभागला गेला की पुढे परवाना बदलण्यासाठी त्यांची संमती मिळवीत फिरावे लागते. आणि तो एकाच कंपनीच्या हाती एकवटला, तर उद्याची आवृत्ती बंद करण्याची किल्लीही तिच्याच हाती जाते. तो विश्वस्त संस्थेकडे असणे श्रेयस्कर.

परवान्याने सारे साधत नाही. संहिता उघडी म्हणजे रुग्णाची नोंद उघडी नव्हे. तिच्या गुप्ततेची जबाबदारी वेगळी व अधिक कठोर आहे. देखभालीसाठी दरसालची तरतूद नसेल, तर उत्तम परवानाही कागदावरच राहतो.

रुग्णालयांसाठी संगणकप्रणालीच्या निविदा निघतात, तेव्हा किंमत सर्वजण पाहतात. संहिता कोणाला मिळणार, सुधारणा कोणाकडे परतणार आणि ठेका संपल्यावर नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, हे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी निविदा मंजूर होण्यापूर्वी विचारले पाहिजेत. मंजुरीनंतर ते विचारून काही हाती लागत नाही.